वाईन, पेंग्विन आणि भाऊबीज

मंडळी, गेले तीन-चार शनिवार इथे काही लिहिणं झालं नाही. पहिला दिवाळीच्या फराळात गेला, बाकीचे भाच्याची समजूत काढण्यात. फराळाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही (चकल्या यंदाही मऊ पडल्या. आई वाचत असेल तर: छान झाल्या होत्या!). भाच्याची गोष्ट मात्र सांगायची आहे, कारण तीत चूक माझी आहे.

तर झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा व्हॉट्सॅपवर फोटो. कॉम्प्युटरच्या पडद्याचा, तिरका, त्यात ट्यूबलाइट चमकतेय. खाली लिहिलेलं, "हे काय म्हणतंय? नवीन घ्यावा लागेल का?"

हा कॉम्प्युटर २०१७ साली मीच पुण्यात एकेक पार्ट गोळा करून जोडून दिला होता. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, नंतर वाढवलेली सोळा जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय. आजही झकास चालतो. पण विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात (एखाददुसरा अपवाद सोडून). आमचा सातव्या पिढीचा. पत्रिका एका गुणासाठी अडावी तसं. म्हणजे चांगल्या तब्येतीच्या मशीनला केवळ कागदोपत्री म्हातारं ठरवून घराबाहेर काढायचं, आणि त्या जागी पन्नास-साठ हजारांचा नवा आणायचा.

मी दाजींना लिहिलं, "काही घेऊ नका. भाऊबीजेला येतोच आहे, मी बघतो."

हे लिहिताना माझ्या मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. या क्षणाची मी एकोणीस वर्षं वाट बघत होतो.

*

फ्लॅशबॅक. २००६. गाव औरंगाबाद (२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण त्या वर्षीची गोष्ट सांगताना जीभ जुन्या नावाकडेच वळते, सांभाळून घ्या). सिडको एन-७ मधलं आमचं घर, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, आणि पोस्टमन एक परदेशी शिक्क्यांचं पाकीट घेऊन येतो. आत उबुंटू ६.०६ ची सीडी. फुकट! त्या काळी उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने सीडी पाठवायचे, पोस्टाचा खर्चही तेच करायचे. २०११ पर्यंत हे चालू होतं. आमच्या गल्लीत परदेशातून काही येणं म्हणजे एकतर दुबईच्या काकांचं पार्सल, नाहीतर हे. शेजारच्या काकूंनी आईला विचारलंही, "नोकरी लागली का हो बाहेर?"

लिनक्स टाकलं. पडदा तपकिरी रंगाचा झाला. गेम म्हणाल तर पेंग्विनला बर्फावरून घसरवायचं, नाहीतर रंगीत फुगे फोडायचे. बॅटल फॉर वेस्नॉथ मात्र खरंच सुंदर होता, अजूनही आहे. पण मला हवा होता काउंटर-स्ट्राइक. सगळं कॉलेज तोच खेळत होतं. औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यावरून वर गेलं की एक सायबर कॅफे होता. बारा मशीन, तासाला पंधरा रुपये, आणि संध्याकाळी पाचनंतर तिथे आमच्याच वर्गाची हजेरी घेता आली असती, इतकी पोरं.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचे तर त्यासाठी 'वाईन' नावाचं सॉफ्टवेअर. १९९३ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, आणि त्याची १.० आवृत्ती आली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! आपल्याकडे उड्डाणपूलही एवढा रेंगाळत नाही (बरं, कधीकधी रेंगाळतो). वाईन म्हणजे दुभाषा समजा. गेम बोलतो विंडोजची भाषा. "एक खिडकी उघड", "ही फाइल वाच", "आवाज काढ". वाईन ते ऐकून लिनक्सला कळेल अशा भाषेत सांगतं आणि आलेलं उत्तर परत गेमला विंडोजच्या थाटात ऐकवतं. गेमला पत्ताच नसतो की आपण परमुलखात आहोत. अर्थात २००६ मध्ये हा दुभाषा जरा कच्चा होता. "आवाज काढ" म्हटलं की खिडकी उघडायचा, असा.

बीएसएनएलचा डेटावन होता घरी. दिवसा एमबी मोजून वापरायचा, रात्री दोन ते सकाळी आठ मात्र कितीही. त्यामुळे लिनक्सचे सगळे उद्योग रात्री दोनला. आई एकदा पाणी प्यायला उठली, तर चिरंजीव अंधारात पडद्यासमोर. "काय करतोयस रे?" मी झोपेत, वैतागलेला, खरं तेच बोलून गेलो. "अगं, वाईन चालत नाहीये."

सकाळी बाबांनी मला बाजूला घेऊन फार समजुतीने विचारलं, "संगत कोणाची आहे सध्या?" :)

तर अशा तीन आठवड्यांच्या रात्री घालवल्यावर, कुठल्याशा फाइलमध्ये चार ओळी बदलून, साउंड बंद ठेवून, एका पहाटे काउंटर-स्ट्राइक चालू झाला. माझ्या मशीनवर, लिनक्सवर! अंगावर काटा आला. मी बंदूक घेऊन त्या ओळखीच्या वाळवंटी नकाशात उतरलो. सेकंदाला वीसेक फ्रेम, आवाज नाही. इकडे फिरलो, तिकडे फिरलो. खोक्यांवर चढलो. बोगद्यातून गेलो. नकाशात दुसरं कोणीच नव्हतं, कारण बाकीचे सगळे आपापल्या घरी झोपले होते. दहा मिनिटं तसाच एकटा भटकलो आणि मग लोडशेडिंगमध्ये लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी कॅफेत हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. एकाने विचारलं, "मग आता तू इथे नाही येणार का?" आलो की. काय करणार.

*

मधल्या काळाचं पुराण थोडक्यात आटपतो. नोकरी लागली, पुण्यात आलो, ऑफिसात दिवसभर लिनक्सच, पण घरी गेमसाठी एक विंडोजची पार्टिशन. लपवून ठेवलेल्या सिगारेटसारखी. २०१३ मध्ये स्टीम अधिकृतपणे लिनक्सवर आलं आणि काउंटर-स्ट्राइकही. तोवर कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं.

खरा चमत्कार घडला तो २०१८ च्या आसपास, आणि त्याची सुरुवात मला फार आवडते. फिलिप रेबोले नावाच्या एका जर्मन प्रोग्रामरला 'निअर: ऑटोमाटा' हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता. बस, एवढंच. तो गेम डायरेक्टएक्स ११ मध्ये चित्रं काढतो आणि लिनक्सला डायरेक्टएक्स येत नाही. तेव्हा या गड्याने डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये (हे लिनक्सलाही कळतं) बदलून देणारा दुसरा दुभाषा लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. व्हॉल्व्ह कंपनीने त्याला हाताशी धरलं, वाईन आणि हे मिळून 'प्रोटॉन' नावाचं गाठोडं बांधलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये घालून दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्टीम डेक हा हातात धरायचा कॉम्प्युटर आणला, त्यात आत लिनक्सच. आता स्वतःचंच यंत्र विकायचं म्हटल्यावर गेम चालले पाहिजेत ना! मग काय, कामाला वेग आला. आज बटण दाबायचं, गेम डाउनलोड होतो, चालू होतो. चार ओळी बदलायच्या नाहीत आणि रात्री दोनला उठायचं तर नाहीच.

मला खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. एवढ्या रात्री जागून मिळवलेली विद्या एका बटणात गेली.

*

आता परत भाऊबीज. ताई-दाजी सात-आठ वर्षं चिंचवडला होते. या जूनमध्ये दाजींची बदली शेंद्र्याला झाली, आणि आई एकटीच असते म्हणून सगळे आमच्या सिडकोतल्या घरीच राहायला आले. आई खूश, ताई खूश, दाजी ऑफिस जवळ म्हणून खूश. भाचा नववीत. त्याला कोणी विचारलं नाही. नववीत शाळा बदललेल्या माणसाला विचारा काय असतं ते. नव्या वर्गात बाकं आधीच वाटलेली असतात.

मी पोचलो तो एक नवी एसएसडी घेऊन. ओवाळणीत ताईला साडी आणि तिच्या कॉम्प्युटरला डिस्क! दुपारी जेवण झालं, सगळे लवंडले, आणि मी न् भाच्याने कॅबिनेट उघडलं. आठ वर्षांची धूळ. आईने नवा ब्रश दिला, तोही नाइलाजाने, कारण तो देवांच्या मूर्तींसाठी आणलेला होता. जुनी डिस्क काढून ठेवली, नवी लावली, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. वीस मिनिटं. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर, अजून पाच. भाचा बघत होता. शेवटी म्हणाला, "एवढंच? तू तर म्हणायचास तीन आठवडे लागतात."

मग स्टीम. त्याच्या खात्यातले गेम एकेक करून उतरवले. विचर ३, चालला. एज ऑफ एम्पायर्स २, त्याची नवी आवृत्ती, चालली. जीटीए ५ ची गोष्ट, म्हणजे एकट्याने खेळायचा भाग, चालला. मी प्रत्येक वेळी "बघ!" म्हणत होतो. जादूगार टोपीतून ससे काढतो तसा.

आणि मग 'राजी'. तुमच्यापैकी किती जणांनी खेळलाय माहीत नाही, पण जरूर खेळा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राजी नावाची डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक छोटी मुलगी, तिचा भाऊ गोलू याला राक्षस पळवून नेतात, आणि देव तिच्या हातात त्रिशूळ देतात. भावाला शोधत निघालेली बहीण. भाऊबीजेच्या दिवशी याहून योग्य गेम कोणता? आई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. दुर्गा आणि विष्णू वरून बोलतात ते तिला इंग्रजी असल्यामुळे नीट कळेना, तर भाचा तिला मराठीत सांगायला लागला. कप तसाच गार झाला. "मारू नको रे तिला, उडी मार, उडी मार," असं आई एका राक्षसाच्या मारामारीत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईने कॉम्प्युटर गेममध्ये मत दिलं, आणि तेही पुण्यात बनलेल्या, विंडोजसाठी लिहिलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या गेममध्ये! मी मनातल्या मनात एक मिरवणूक काढली, गुलालासकट.

साडेसात वाजता भाचा म्हणाला, "मामा, आता आमचा गेम टाक."

*

'आमचा गेम' म्हणजे पाच विरुद्ध पाच, बंदुकांचा. नाव राहू द्या, असे पाच-सहा तरी आहेत आणि सगळ्यांची गोष्ट एकच. चिंचवडच्या शाळेतले चार आणि हा पाचवा. रोज रात्री आठ ते नऊ. ताईने घालून दिलेली वेळ.

मला खरं तर माहीत असायला हवं होतं. नव्हे, माहीत होतं. पण दिवसभराच्या सशांच्या नादात मी ते मागे टाकलं होतं. तो गेम लिनक्सवर चालत नाही. चालत नाही म्हणजे वाईनला जमत नाही असं नाही. चित्रं, आवाज, उंदीर, सगळं जमेल. अडतं ते राखणदारापाशी. या गेमांबरोबर एक अँटी-चीट येतं. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतं. काहींचं तर मशीन चालू झाल्यापासूनच पहारा देतं. कोणी भिंतीपलीकडचं दाखवणारं किंवा आपोआप नेम धरणारं काही चालवत नाही ना, हे पाहायला. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने म्हणायचं, चोर येऊ नयेत म्हणून मला प्रत्येक घरातल्या कपाटाच्या किल्ल्या द्या. विंडोजमध्ये तशा किल्ल्या देता येतात. लिनक्सचा कर्नल मात्र मालकाला हवा तसा बदलता येतो, हाच त्याचा मोठेपणा. तिथे हा वॉचमन म्हणतो, इथे घरमालकच कुलूप बदलू शकतो, मी भरवसा कोणावर ठेवू?

सगळेच असे नाहीत, हेही सांगायला हवं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनवर चालायची सोय केली. पण ती चालू करायची की नाही हे गेमवाल्यांच्या हातात. काहींनी केली. काहींनी करून काढून घेतली. एपेक्स लीजेंड्सने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. फसवेगिरीला लिनक्सची वाट सोयीची पडते, हे त्यांनी दिलेलं कारण. त्याआधी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनने बॅटलआय आणलं आणि लिनक्सची सोय चालूच केली नाही. आदल्या दिवशीपर्यंत खेळणारे दुसऱ्या दिवशी बाहेर. म्हणजे दुभाषा पंचवीस वर्षं खपून तयार झाला, अस्खलित बोलायला लागला, आणि आता दारावरच ओळखपत्र मागतात.

हे सगळं मी भाच्याला समजावून सांगितलं. जरा जास्तच आवेशात. तुझ्या मशीनचा मालक कोण, तू का ती कंपनी, वगैरे. कॉलेजात मी अशी भाषणं फार ठोकली आहेत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, पण चीटर आला की पूर्ण मॅच वाया जाते. मागच्या महिन्यात एक होता. आम्ही पाचही जण अर्धा तास नुसते मरत होतो. वॉचमन पाहिजेच ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तांत्रिक उत्तरं होती. सर्व्हरवरच तपासणी करता येते, कर्नलमध्ये बसूनही चीटर पूर्ण संपलेले नाहीत, इत्यादी. पण त्या अर्ध्या तासाला उत्तर नव्हतं.

मला आमचा औरंगपुऱ्यातला कॅफे आठवला. आमच्यातही एक होता, भिंतीपलीकडचं दिसणारी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आलेला. तिसऱ्या राउंडला शेजारच्याने मान वळवून त्याच्या पडद्याकडे पाहिलं. झालं! डोक्यात चार टपल्या आणि त्या दिवशीचे दहा समोसे त्याच्या खात्यावर. पुढे वर्षभर त्याला 'एक्स-रे' म्हणायचे. शेजारी बसलेला मित्र, एवढंच आमचं अँटी-चीट. या पोरांच्या शेजारी कोणी बसलेलंच नाही. एक चिंचवडला, एक वाकडला, एक इथे, आणि समोरचे पाच कुठले कोण जाणे. अनोळखी माणसांशी खेळायचं तर कोणीतरी पडद्यात डोकावणार हे आलंच. कोणी आणि किती, एवढाच प्रश्न. माझं मत अजूनही हेच की कर्नलच्या किल्ल्या फार होतात. पण हे मत मांडायला मी वेळ चुकीची निवडली होती.

आठ वाजले. भाचा काही बोलला नाही. रडारड नाही, आदळआपट नाही. गॅलरीत जाऊन बसला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावलो. मोबाइलवर डिस्कॉर्ड लावून, कानात हेडफोन घालून तो चिंचवडच्या पोरांची मॅच ऐकत होता. खेळत नव्हता, नुसता ऐकत होता. मधूनच हळूच म्हणत होता, "बी ला बघ, बी ला. मागून येईल." तिकडे त्याच्या जागी दुसरंच कोणीतरी घेतलं होतं. पाच लागतातच.

ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "इथे आल्यापासून हा एक तासच बोलतो रे तो. शाळेतून आला की गप्पच असतो." आणि आत गेली, कारण त्या रात्री नळाला पाणी यायचं होतं. संभाजीनगरात ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढे भाऊबीजही थांबते.

*

रात्री झोप लागली नाही. जुनी सवय, दोन वाजता उठलो आणि लॅपटॉप उघडला. काही पळवाट मिळते का बघत होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवून त्यात गेम? वॉचमनला तेही ओळखता येतं, आणि सापडलं तर खातं कायमचं बंद. त्या खात्यात भाच्याची तीन वर्षं. त्याच्याशी खेळ करायचा मला अधिकार नव्हता. एकदा झाला तेवढा पुरे.

सकाळी कॅबिनेट परत उघडलं. काढून ठेवलेली जुनी डिस्क नव्या डिस्कच्या शेजारी लावली. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची एक वाढीव योजना मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, त्यात मशीनचं नाव घातलं. चालू करताना विचारतं, कुठे जायचं? खाली पेंग्विन, वर खिडकी. भाच्याला सांगितलं, तुमच्या गेमसाठी तेवढं तिकडे जायचं, बँक, पासवर्ड, बाकी सगळं इकडे. तो म्हणाला, "म्हणजे तू हरलास?" मी म्हटलं, "हो." हे ऐकून त्याला इतका आनंद झाला की त्याने मला स्वतःच्या हाताने चहा करून आणला. साखर नव्हती त्यात, पण असो.

एक वर्षाची मुदत आहे. पुढच्या ऑक्टोबरात काय, हा प्रश्न मी पुढच्या भाऊबीजेवर ढकलला आहे.

पुण्याला परत आलो. वाटलं, आता पेंग्विनवाली डिस्क धूळ खात पडणार. दर वेळी रीस्टार्ट कोण करत बसतं? दोन आठवडे काही खबर नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मग परवाच्या रविवारी दुपारी फोन. "मामा, काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर डायरेक्ट चालतो हे तू सांगितलंच नाहीस!" खरंच नव्हतं सांगितलं. माझ्या लेखी काउंटर-स्ट्राइक म्हणजे २००६. त्याने एक दिवस ऑफलाइन अभ्यासासाठी म्हणून लिनक्स उघडलं होतं (ताई वाचत असेल तर: हो, अभ्यासासाठीच), स्टीममध्ये तो दिसला, फुकट होता, टाकला, चालला. दुभाषासुद्धा नाही लागत त्याला, मूळचाच लिनक्सची भाषा बोलतो. मग चिंचवडच्या पोरांच्या मागे लागून लागून रविवारी एक दिवस तरी हा खेळू म्हणून कबूल करून घेतलं. शिवाय नव्या वर्गातला एक जण, एन-९ ला राहणारा, सायकलवरून येतो आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन याच्या शेजारी बसतो. ही बातमी त्याने इतकी सहज, जाता जाता सांगितली की मी पुढचं वाक्य ऐकलंच नाही.

"ऐकतोयस का? एक जण कमी पडतोय, त्याची आजी आलीये. येतोस का?"

गेलो. तोच वाळवंटी नकाशा, आता नव्या रंगात. तीच खोकी, तोच बोगदा. पहिल्या राउंडला अकरा सेकंदांत मेलो. दुसऱ्याला जरा टिकलो, पण आपल्याच माणसाला गोळी घातली. तिसऱ्याला बॉम्ब कुठल्या बटणाने ठेवायचा हे आठवेपर्यंत वेळ संपली. कानात चिंचवडकडून एक फुटलेला आवाज आला, "अरे हा कोण आहे यार? बॉट आहे का?"

"माझा मामा आहे," भाचा म्हणाला. "त्याला सवय नाहीये. तो एकटाच खेळायचा."

मागून आई ओरडत होती, पाणी आलंय, मोटर लावा म्हणून.